बोटांची सवय कुणाच्या मालकीची? झेड, एक्स, सी, व्ही या चार कळांचा इतिहास

१/
संगणकावर काम करणाऱ्या माणसाचा डावा हात दिवसातून अनेकदा कळफलकाच्या एकाच कोपऱ्याकडे वळतो. करंगळी 'कंट्रोल'वर टेकते आणि दुसरे बोट सी किंवा व्ही दाबते. समोर पत्र असो, हिशेबाचा तक्ता असो, चित्र असो वा संकेतस्थळ. सॉफ्टवेअर कुणी बनवले याची चौकशी बोटे करत नाहीत. मजकूर उचलला जातो आणि दुसरीकडे ठेवला जातो. हे इतके अंगवळणी पडले आहे की, कळफलकाबरोबरच ते जन्माला आले असावे असे वाटते. प्रत्यक्षात त्यासाठी सुमारे वीस वर्षे लागली. त्या वाटेवर एका हट्टी संशोधकाचे प्रयोग आहेत, दोन बलाढ्य कंपन्यांच्या नियमावल्या आहेत आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला एक खटलाही आहे.

२/
आरंभ 'कंट्रोल' या कळीपासून करावा लागतो. ही कळ लेखकांसाठी जन्मलेली नव्हती. ती टेलिप्रिंटरच्या जगातून आली. १९६३ साली अमेरिकेत 'आस्की' ही संकेतप्रणाली प्रमाणित झाली. तिच्यातील आरंभीचे ३२ संकेत अक्षरांसाठी नव्हते. ते यंत्राला हुकूम देण्यासाठी राखलेले होते. कंट्रोलसह जी दाबले की सातवा संकेत जाई आणि पलीकडच्या यंत्रावरची घंटा वाजे. कंट्रोल-सी म्हणजे तिसरा संकेत, 'मजकूर संपला' हे सांगणारा. कंट्रोल-एसने येणारा मजकूर थांबे आणि कंट्रोल-क्यूने पुन्हा सुरू होई. म्हणजे लेखनासाठी संगणक वापरण्याची कल्पना रुजण्यापूर्वीच या अक्षरांवर यंत्रांनी आपला हक्क सांगून ठेवला होता. पुढच्या काही भांडणांचे मूळ इथेच आहे.

३/
१९७० च्या दशकात पडद्यावर मजकूर संपादित करणारी पहिली सॉफ्टवेअरे आली. त्यांतील अनेकांचा कारभार 'अवस्थां'वर चाले. एका अवस्थेत कळ दाबली की अक्षर उमटे. दुसऱ्या अवस्थेत तीच कळ आज्ञा ठरे. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोन्यी यांनी घडवलेला 'ब्रावो' हा संपादक याच घराण्यातला. त्याच्याविषयी एक किस्सा संगणकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. आज्ञेच्या अवस्थेत असताना कुणी चुकून 'एडिट' हा इंग्रजी शब्द टंकित केला तर काय होई? 'ई'ने सगळा दस्तऐवज निवडला जाई, 'डी'ने तो पुसला जाई, 'आय'ने लेखनाची अवस्था सुरू होई आणि 'टी' हे एकच अक्षर पडद्यावर उरे. चार कळांत सारे लेखन नाहीसे!

४/
अशा अवस्थांना आयुष्यभर विरोध करणारा माणूस म्हणजे लॅरी टेस्लर. १९४५ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मलेले, स्टॅनफर्डमध्ये शिकलेले टेस्लर १९७३ मध्ये झेरॉक्स पार्कमध्ये रुजू झाले. यंत्र कोणत्या अवस्थेत आहे हे लक्षात ठेवण्याचे ओझे माणसाने का वाहावे, हा त्यांचा प्रश्न होता. या मताचा त्यांना इतका ध्यास होता की, त्यांच्या मोटारीच्या पाटीवरही 'नो मोड्स' हीच अक्षरे होती. सहकाऱ्यांना हा हट्ट वाटे. संगणक तज्ज्ञांच्याच हाती राहणार असे गृहीत धरले, तर तो हट्टच होता. टेस्लर यांच्या नजरेसमोर मात्र कार्यालयात काम करणारी साधी माणसे होती.

५/
ती माणसे लवकरच प्रत्यक्ष भेटली. पाठ्यपुस्तके छापणारी बॉस्टन परिसरातील 'गिन अँड कंपनी' ही संस्था झेरॉक्सच्या मालकीची होती. तिच्या संपादकांसाठी नवे सॉफ्टवेअर घडवण्याचे काम टेस्लर आणि टिम मॉट यांच्याकडे आले. तिथले संपादक हस्तलिखिताचा परिच्छेद हलवायचा झाला की कात्रीने कागद कापत आणि खळीने दुसरीकडे डकवत. या दोघांनी तीच क्रिया पडद्यावर आणली. १९७५ च्या सुमारास तयार झालेल्या त्यांच्या 'जिप्सी' या सॉफ्टवेअरमध्ये आधी मजकूर निवडायचा आणि मग 'कट' वा 'कॉपी' करून हवा तिथे 'पेस्ट' करायचा, हा क्रम ठरला. कात्री आणि खळ ही नावे त्या संपादकांच्या मेजावरूनच संगणकात गेली.

६/
झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतील हे शहाणपण बाजारात पोहोचायला वेळ होता. दरम्यान घरगुती आणि कार्यालयीन संगणकांची लाट आली आणि तिच्याबरोबर प्रत्येक सॉफ्टवेअरची स्वतंत्र बोली आली. १९७८ मध्ये मायक्रोप्रो कंपनीने 'वर्डस्टार' आणले. रॉब बार्नबी यांनी त्याची आखणी केली होती. त्या काळच्या अनेक कळफलकांवर बाणांच्या कळा भरवशाने सापडत नसत. म्हणून कंट्रोलसह ई, एस, डी, एक्स या चार कळांनी वर, डावीकडे, उजवीकडे व खाली जाण्याची सोय केली गेली. कळफलकावर या चार कळा एखाद्या चौकटच्या पानासारख्या मांडलेल्या दिसतात. कंट्रोल तेव्हा 'ए'च्या शेजारी असे. त्यामुळे हात घरच्या ओळीवरून न हलवता लेखन चाले. टंकलेखन येणाऱ्यांना ही रचना फार आवडली.

७/
आज या रचनेकडे पाहिले की गंमत वाटते. वर्डस्टारमध्ये कंट्रोल-एक्सने काही कापले जात नसे. फक्त एक ओळ खाली जाता येई. कंट्रोल-सीने नक्कल होत नसे. पुढचे पान येई. कंट्रोल-व्हीने काही डकवले जात नसे. नवे अक्षर जुन्याला सरकवणार की पुसून त्याची जागा घेणार, एवढे बदले. कंट्रोल-झेडने चूक दुरुस्त होत नसे. मजकूर एक ओळ सरके. आज साऱ्या जगाला पाठ असलेल्या चारही कळांचा तिथे निराळाच अर्थ होता, आणि तो अर्थही लाखो बोटांना तितकाच पाठ होता.

८/
वर्डस्टारच्या शेजारी १९८० च्या दशकात दोन नवे सम्राट उभे राहिले: लेखनासाठी 'वर्डपरफेक्ट' आणि हिशेबासाठी १९८३ मध्ये आलेले 'लोटस १-२-३'. तिघांतही दस्तऐवज जतन करण्याची आज्ञा निराळी. वर्डस्टारमध्ये कंट्रोल-के आणि मग एस, वर्डपरफेक्टमध्ये एफ-१० आणि लोटसमध्ये तिरकी रेघ, एफ व एस. मदत हवी असेल तर लोटसमध्ये एफ-१ दाबावी लागे. वर्डपरफेक्टमध्ये त्याच एफ-१ने चालू आज्ञा रद्द होई आणि मदत एफ-३वर असे. वर्डपरफेक्टच्या आज्ञा इतक्या होत्या की, कळफलकावर ठेवायची एक छापील पट्टीच सोबत येई. तिच्यावर लाल रंग कंट्रोलसाठी, हिरवा शिफ्टसाठी, निळा आल्टसाठी आणि काळा नुसत्या कळीसाठी.

९/
याचा परिणाम केवळ गैरसोयीपुरता नव्हता. कारकून किंवा टंकलेखक 'संगणक' शिकत नसे. तो एक विशिष्ट सॉफ्टवेअर शिके. त्या सॉफ्टवेअरमधले कौशल्य हेच त्याचे भांडवल असे. कार्यालयाने सॉफ्टवेअर बदलले की ते भांडवल एका दिवसात निरुपयोगी होई आणि वर्षानुवर्षांचा सफाईदार हात पुन्हा नवशिक्याचा होई. म्हणून कार्यालयेही बदल टाळत. ज्या कंपनीने आधी बोटे काबीज केली, तिच्याकडे ग्राहक आपोआप बांधले जात. एकसारख्या कळांचा प्रश्न असा सोयीचा जितका होता, तितकाच सत्तेचाही होता.

१०/
या गोंधळाला पहिले ठोस उत्तर ॲपल कंपनीकडून आले. टेस्लर १९८० मध्ये झेरॉक्स सोडून ॲपलमध्ये गेले आणि 'लिसा' या संगणकाच्या घडणीत सामील झाले. जानेवारी १९८३ मध्ये लिसा बाजारात आली. तिची किंमत ९,९९५ डॉलर होती. माउस हे तिचे मुख्य साधन होते. परंतु वारंवार लागणाऱ्या आज्ञांसाठी एक खास कळ आणि तिच्यासह एक अक्षर अशी सोय ठेवली गेली. इथेच ती चौकडी जमली: झेडने चूक मागे घेणे, एक्सने कापणे, सीने नक्कल करणे आणि व्हीने डकवणे.

११/
ही चारच अक्षरे का? टेस्लर यांनी पुढे दिलेले स्पष्टीकरण अगदी साधे आहे. सी हे 'कॉपी'चे आद्याक्षर. एक्सची फुली म्हणजे खोडल्याची खूण. व्हीचा आकार मुद्रितशोधक नवा शब्द घालण्यासाठी करतात त्या खुणेसारखा, फक्त उलटा. पी घेता आला असता, पण तो उजव्या टोकाला. शिवाय छपाईच्या आज्ञेचे आद्याक्षरही तेच. झेड तर या तिघांच्या रांगेतच. चारही कळा खालच्या ओळीत एकमेकींना चिकटून आहेत. उजवा हात माउसवर ठेवून डाव्या हाताने त्या सहज दाबता येतात. अर्थ, आकार आणि जागा या तिन्हींचा मेळ असा बसला.

१२/
लिसा महाग होती आणि ती फारशी खपली नाही. परंतु २४ जानेवारी १९८४ रोजी आलेल्या २,४९५ डॉलरच्या 'मॅकिंटॉश'ने तिचा हा वारसा पुढे नेला. आज्ञेच्या कळीवर ॲपलचे बोधचिन्हच असायचे होते. पण प्रत्येक यादीत फळांची रांग लागलेली स्टीव्ह जॉब्स यांना रुचली नाही. मग चित्रकार सुझन केअर यांनी चिन्हांचा एक कोश चाळून नॉर्डिक देशांत प्रेक्षणीय स्थळाच्या पाटीवर दिसणारी, चार कोपऱ्यांना वेटोळी असलेली आकृती निवडली. ती 'कमांड' कळ आजही तशीच आहे.

१३/
या स्वतंत्र कळीचे महत्त्व सहज नजरेतून सुटते. टेलिप्रिंटरच्या काळापासून यंत्राच्या हुकमांसाठी राखलेली कंट्रोल कळ ॲपलने आपल्या आज्ञांसाठी वापरलीच नाही. त्यामुळे जुने संकेत आणि नव्या आज्ञा यांची टक्कर झाली नाही. आजही मॅकवर टर्मिनल उघडले तर कमांड-सीने नक्कल होते आणि कंट्रोल-सीने चालू प्रक्रिया थांबते. लिनक्सच्या बहुतेक टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी दाबले तर नक्कल होत नाही, चालू कामच बंद पडते. नकलेसाठी शिफ्टही दाबावी लागते. १९६३ च्या संकेतप्रणालीची ही सावली नव्या पिढीतील प्रत्येक प्रोग्रॅमरवर एकदा तरी पडते.

१४/
चांगली कल्पना सुचणे वेगळे आणि शेकडो परक्या प्रोग्रॅमरांनी ती पाळणे वेगळे. ॲपलने याची व्यवस्था दोन अंगांनी केली. एक म्हणजे लेखी मार्गदर्शन: कोणत्या कळा कोणत्या आज्ञांसाठी राखलेल्या आहेत, हे प्रोग्रॅमरांसाठीच्या ग्रंथांत स्पष्ट लिहिले. दुसरे म्हणजे यंत्राची रचना. मॅकवर कॅल्क्युलेटर, टिपणवही अशी छोटी साधने कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये काम चालू असतानाच उघडता येत आणि ती त्याच सॉफ्टवेअरची 'एडिट' यादी उसनी घेत. त्या यादीतील आज्ञांचा क्रम ठरलेला असेल तरच हे जमे. शिवाय यादी, खिडक्या आणि बटणे रेखाटणारे तयार प्रोग्रॅम मॅकच्या ६४ किलोबाइटच्या कायम स्मृतीतच भरलेले होते. नियम पाळणे सोपे आणि मोडणे कष्टाचे, अशी ही योजना होती.

१५/
दुसऱ्या तीरावर आयबीएम होती. तिच्याकडे अवाढव्य मेनफ्रेम होते आणि मेजावरचे छोटे संगणकही. पण एका यंत्रावर शिकलेले दुसऱ्यावर उपयोगी पडत नसे. १९८७ मध्ये तिने यासाठी एक व्यापक योजना जाहीर केली. तिचाच एक भाग म्हणजे 'कॉमन यूजर ॲक्सेस' ही नियमावली. एफ-१ म्हणजे मदत, आल्टने याद्यांकडे जाणे, आल्ट-एफ-४ने खिडकी बंद करणे, ही आजची ओळखीची मंडळी त्याच घराण्यातली. मात्र कापणे, नक्कल आणि डकवणे यांसाठी तिने वेगळी वाट धरली: शिफ्ट-डिलीट, कंट्रोल-इन्सर्ट आणि शिफ्ट-इन्सर्ट. चूक मागे घेण्यासाठी आल्ट-बॅकस्पेस.

१६/
मायक्रोसॉफ्ट तेव्हा दोन्ही घरांत वावरत होती. आयबीएमबरोबर तिची भागीदारी होती आणि मॅकसाठी ती वर्ड व एक्सेलही बनवत होती. एक्सेल तर १९८५ मध्ये आधी मॅकवरच अवतरले. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये आयबीएमच्या वळणाच्या कळा होत्या. एप्रिल १९९२ मध्ये विंडोज ३.१ आले, तेव्हा याद्यांमध्ये कंट्रोलसह झेड, एक्स, सी, व्ही ही मॅकची चौकडी दिसू लागली. कमांड कळ नव्हती, म्हणून तिची जागा कंट्रोलने घेतली. विशेष म्हणजे जुन्या कळा काढून टाकल्या नाहीत. आजच्या विंडोजवरही अनेक ठिकाणी शिफ्ट-इन्सर्टने मजकूर डकवला जातो. ज्यांनी आधी एक रीत शिकली होती त्यांना शिक्षा न करता नवी रीत आणली गेली.

१७/
एकसारखेपणा असा हळूहळू रुजत असतानाच एक मूलभूत प्रश्न न्यायालयात उभा राहिला. एखाद्या सॉफ्टवेअरच्या आज्ञांची रचना ही त्या कंपनीची मालमत्ता असते काय? लोटस १-२-३ मध्ये ४६९ आज्ञा पन्नासहून अधिक याद्यांत मांडलेल्या होत्या. लेखापालांनी त्या आज्ञांच्या आद्याक्षरांच्या साखळ्या जोडून स्वतःची 'मॅक्रो' तयार केली होती. वर्षानुवर्षांचे हिशेब त्यांवर उभे होते. बोरलँड कंपनीने आपल्या 'क्वात्रो' या प्रतिस्पर्धी सॉफ्टवेअरमध्ये लोटसच्या रचनेची पर्यायी सोय दिली. लोटसचा मूळ प्रोग्रॅम बोरलँडने उचलला नव्हता. उचलली होती ती आज्ञांची नावे आणि त्यांची उतरंड. लोटसवाल्यांची बोटे नव्या घरात भांबावू नयेत, हा हेतू.

१८/
१९९० मध्ये लोटसने दावा ठोकला. जिल्हा न्यायालयाने लोटसच्या बाजूने कौल दिला आणि बोरलँडला ती सोय काढावी लागली. प्रकरण अपिलात गेले. मार्च १९९५ मध्ये फर्स्ट सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल फिरवला. आज्ञांची ही उतरंड म्हणजे यंत्र चालवण्याची पद्धत आहे आणि पद्धतीवर कॉपीराइट मिळत नाही, असा त्याचा आशय. न्यायालयाने व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरच्या बटणांशी तिची तुलना केली. न्यायमूर्ती मायकल बूडिन यांच्या सहमतीच्या मतातील मुद्दा तर या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे. लोटसच्या याद्या शिकण्याचे आणि मॅक्रो रचण्याचे कष्ट ग्राहकांनी घेतले, लोटसने नव्हे; मग त्या कष्टांमुळे ग्राहकांनीच लोटसचे बंदिवान का राहावे?

१९/
लोटसने सर्वोच्च न्यायालय गाठले. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी सहभाग घेतला नाही. उरलेल्या आठांत चार विरुद्ध चार अशी बरोबरी झाली आणि १६ जानेवारी १९९६ रोजी अपील न्यायालयाचा निकाल कायम राहिला. समसमान मतांमुळे देशभर बंधनकारक असा दंडक मात्र निर्माण झाला नाही. तोवर व्यापाराचे पाणीही बरेच वाहून गेले होते. बोरलँडने क्वात्रो प्रो १९९४ मध्येच नॉव्हेल कंपनीला विकले होते आणि १९९५ मध्ये लोटस स्वतः आयबीएमच्या पदरात पडली होती. बाजार एक्सेलच्या हाती गेला. त्या एक्सेलमध्ये तिरकी रेघ दाबली की आजही वरच्या आज्ञा जाग्या होतात. ती लोटसच्या ग्राहकांसाठी ठेवलेली वाट आहे.

२०/
एकसारखेपणा आजही पूर्ण नाही. चुकलेले मागे घेतल्यावर ते पुन्हा आणायचे, तर विंडोजवर बहुधा कंट्रोल-वाय चालते आणि मॅकवर शिफ्ट-कमांड-झेड. फोटोशॉपमध्ये अनेक वर्षे कंट्रोल-झेड एकच पाऊल मागे नेई आणि पुन्हा दाबले की तेच पाऊल पुढे येई. २०१८ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत ते इतरांसारखे झाले. ज्यांचा हात जुन्या रीतीवर बसला होता, त्यांच्यासाठी ती रीत निवडण्याची सोय ठेवावी लागली. आउटलुकमध्ये कंट्रोल-एफ शोध घेत नाही, पत्र पुढे पाठवते. सुरुवातीच्या चाचणीत ही मागणी बिल गेट्स यांनी केली होती, असे मायक्रोसॉफ्टमधील जुने लोक सांगतात.

२१/
भाषा बदलली की आणखी पेच पडतो. स्पॅनिश वर्डमध्ये दस्तऐवज जतन करण्यासाठी कंट्रोल-जी आहे, कारण त्या क्रियेचा शब्द 'ग्वार्दार'. कंट्रोल-एनने तिथे नवा दस्तऐवज उघडत नाही, अक्षर ठळक होते. कारण ठळक म्हणजे 'नेग्रिता'. जर्मन कळफलकावर झेड आणि वाय यांची अदलाबदल असल्याने चौकडीतील पहिली कळ वरच्या ओळीत जाते. द्वोराक कळफलक वापरणाऱ्यांसाठी तर मॅकवर एक मांडणीच अशी आहे की, कमांड दाबून धरली तेवढ्यापुरती अक्षरे नेहमीच्या जागी परततात. अक्षराशी निष्ठा ठेवावी की जागेशी, हा वाद अजून मिटलेला नाही.

२२/
या इतिहासाचे थर भारतातील विद्यार्थ्यांनीही हाताळले आहेत, बहुधा नकळत. जग पुढे गेले तरी कितीतरी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत बोरलँडच्या टर्बो सी++चा निळा पडदा दीर्घकाळ टिकून राहिला. त्यात कंट्रोल-सीने नक्कल का होत नाही, हे कोडे अनेकांना पडले असेल. त्याचे उत्तर त्या पडद्याच्या वयात आहे. त्याच्या 'एडिट' यादीत शिफ्ट-डिलीट, कंट्रोल-इन्सर्ट आणि शिफ्ट-इन्सर्ट आहेत; म्हणजे आयबीएमची १९८७ ची नियमावली. त्याच संपादकात कंट्रोल-के आणि बीने निवडीचा आरंभ खुणावता येतो; म्हणजे १९७८ चे वर्डस्टार. एका निळ्या खिडकीत दोन संपलेली साम्राज्ये एकत्र नांदत होती.

२३/
मराठी टंकलेखनाचा धागाही इथेच जुळतो. युनिकोडपूर्व काळात निरनिराळ्या देवनागरी फॉन्टचे आपापले संकेत आणि आपापल्या मांडण्या होत्या. एका ठिकाणचा मजकूर दुसरीकडे नेला की निरर्थक चिन्हांचा ढीग दिसे. वर्डस्टार-वर्डपरफेक्टच्या काळातील विखुरलेपणा इथे लिपीच्या पातळीवर होता. त्यावर उपाय म्हणून केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये 'इनस्क्रिप्ट' मांडणी ठरवली. पुढे भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या 'इस्की' मानकात तिला स्थान मिळाले, आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने तिचा प्रसार केला. तिचे तत्त्व एकच: देवनागरी असो, बंगाली असो वा तमिळ, 'क'ची कळ तीच. लिपी बदलली तरी बोटांनी परके होऊ नये.

२४/
इनस्क्रिप्टमध्ये एक्सच्या जागी अनुस्वार आहे, सीच्या जागी 'म' आणि व्हीच्या जागी 'न'. मराठीत लिहिणारा माणूस कंट्रोलसह 'म' दाबतो आणि मजकुराची नक्कल होते. 'न' दाबतो आणि मजकूर डकवला जातो. फुली, आद्याक्षर, मुद्रितशोधकाची खूण, यांतले कोणतेही कारण इथे लागू पडत नाही. अक्षरांचा अर्थ गळून पडला आणि जागा तेवढी उरली. तरीही बोटे चुकत नाहीत, कारण ती अक्षरे वाचत नाहीत. त्यांना वाट ठाऊक असते.

२५/
लॅरी टेस्लर यांचे निधन फेब्रुवारी २०२० मध्ये झाले. त्यांची चौकडी टिकली, ती सर्वांत बुद्धिमान होती म्हणून नव्हे. टंकलेखकाच्या दृष्टीने वर्डस्टारची रचनाही कमी बुद्धिमान नव्हती. ती टिकली, कारण एका कंपनीने ती मांडली, दुसरीने ती स्वीकारली आणि तिच्यावर कुणालाही कुंपण घालता आले नाही. जुन्या सवयींसाठी वाट मोकळी ठेवून नवी सवय रुजवली गेली, हेही तितकेच महत्त्वाचे. एखादी रीत शिकण्याची मेहनत शिकणाऱ्याची असते. ती मेहनत त्याला एका घरातून दुसऱ्या घरात बरोबर नेता यावी, इतकीच या चार कळांची मागणी होती. ती मान्य झाली, म्हणूनच आज सॉफ्टवेअर बदलणाऱ्याला निदान ही चार अक्षरे पुन्हा गिरवावी लागत नाहीत.